स्लाइडवर जिवाणू, प्लेट कोरी: छातीतील पू आणि ऑक्सिजनचा प्रश्न

पार्श्वभूमी

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावचे आहे. रुग्ण आणि संस्था ओळखू येऊ नयेत म्हणून आवश्यक ते तपशील बदलले आहेत. रुग्ण पन्नाशीकडे झुकलेला, हंगामात उसाच्या वाहतुकीचा ट्रॅक्टर चालवणारा गृहस्थ होता. बरीच वर्षे दारूचे व्यसन, हिरड्यांतून पू येण्याची जुनी तक्रार आणि दोन-तीन हलणारे दात एवढी माहिती पहिल्याच तपासणीत नोंदवली गेली होती. बेशुद्धावस्थेत झालेल्या उलटीची घटना मात्र पुढे, मुद्दाम विचारल्यावर पत्नीने सांगितली. सुमारे तीन आठवड्यांपूर्वी जास्त दारू पिऊन ते अंगणात पडले होते, उताणे पडलेल्या अवस्थेतच त्यांना उलटी झाली होती आणि दुसऱ्या दिवसापासून खोकला सुरू झाला होता.

गावातील डॉक्टरांनी काही दिवस सेफिक्सिमच्या गोळ्या दिल्या. ताप कमी-जास्त होत राहिला, वजन उतरले, भूक गेली आणि उजव्या बाजूला छातीत दुखू लागले. रुग्णालयात दाखल झाल्यावर एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाभोवती बरेच पाणी दिसले. सुईने काढून पाहिल्यावर ते पाणी नसून दाट, राखाडी-हिरवट पू असल्याचे कळले. त्याची दुर्गंधी इतकी होती की शेजारच्या खाटेवरील रुग्णाच्या नातेवाइकांनी खिडक्या उघडायला लावल्या. छातीत पू बाहेर काढणारी आयसीडी नळी बसवण्यात आली आणि पहिल्या दिवशी सुमारे ६०० मिलिलिटर पू निघाला. सेफ्ट्रायाक्झोन आणि ॲमिकासिन ही दोन इंजेक्शने सुरू झाली. दाखल झालेल्या बहुतेक गंभीर छातीच्या रुग्णांना तेथे हीच जोडी दिली जात असे.

पहिला नमुना आणि पहिला रिपोर्ट

शनिवारी संध्याकाळी काढलेला पू एका निर्जंतुक प्लास्टिक डबीत ठेवला गेला. डबी निम्मी भरली होती, उरलेल्या निम्म्या भागात हवा होती. प्रयोगशाळा बंद झालेली असल्याने परिचारिकेने नेहमीच्या शिस्तीप्रमाणे डबी फ्रीजमध्ये ठेवली आणि ती सोमवारी सकाळी प्रयोगशाळेत पोहोचली. लघवीच्या नमुन्यासाठी हीच शिस्त योग्य ठरली असती.

तंत्रज्ञाने पू ब्लड अगार आणि मॅकॉन्की अगार या जिवाणू वाढवण्याच्या माध्यमांवर लावून प्लेट नेहमीच्या इन्क्युबेटरमध्ये ३७ अंश सेल्सिअसवर ठेवल्या, आणि एका स्लाइडवर ग्रॅम स्टेन (जिवाणू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची तपासणी) केला. दोन दिवसांनी दोन्ही प्लेट कोऱ्या होत्या. "कोणत्याही जिवाणूंची वाढ आढळली नाही" असा रिपोर्ट छापून गेला. ग्रॅम स्टेनची नोंद वेगळ्या रजिस्टरमध्ये होती. तीत पूपेशी भरपूर, सडपातळ आणि दोन्ही टोकांना निमुळते होत गेलेले ग्रॅम-निगेटिव्ह दंडाणू, अगदी बारीक ग्रॅम-निगेटिव्ह कोकोबॅसिलाय (आखूड, जवळजवळ गोल दंडाणू), आणि आखूड साखळ्यांतील ग्रॅम-पॉझिटिव्ह कोकाय (गोल जिवाणू) असे तीन प्रकार लिहिले होते. ही ओळ छापील रिपोर्टमध्ये आली नाही, कारण संगणकातील रिपोर्टच्या नमुन्यात तिच्यासाठी रकानाच नव्हता.

समस्या

पाचव्या दिवशीही ताप १०१ अंश फॅरनहाइटच्या खाली येत नव्हता. नळीतून पू येणे कमी झाले होते, परंतु एक्स-रेमधील सावली फारशी हटली नव्हती. कल्चरचा, म्हणजे प्लेटवर जिवाणू वाढवून पाहण्याच्या तपासणीचा, रिपोर्ट कोरा असल्यामुळे उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा विचार क्षयरोगाकडे वळला, आणि आपल्याकडील परिस्थितीत तो अगदी स्वाभाविक होता. तीन आठवड्यांचा ताप, उतरलेले वजन, फुप्फुसाभोवती साचलेला द्रव आणि साध्या कल्चरमध्ये काहीही न उगवणे ही लक्षणे एकत्र आली की भारतातील कोणत्याही वॉर्डात प्रथम क्षयरोगाचेच नाव निघते. त्यात द्रवातील एडीए या विकराची पातळी ७८ युनिट आली, आणि ४० च्या पुढची पातळी क्षयाच्या बाजूने धरण्याचा प्रघात आहे. झील-नील्सन स्टेन या रंगचाचणीत आणि सीबीनॅट या जनुकीय चाचणीत क्षयाचे जिवाणू सापडले नाहीत, परंतु फुप्फुसाभोवतीच्या द्रवात सीबीनॅट बऱ्याचदा खरा क्षयही निसटू देते, म्हणून त्या निगेटिव्ह रिपोर्टने शंका मिटली नाही.

आठवड्यातून ठरावीक दिवशी येणाऱ्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ त्या दिवशी प्रयोगशाळेत होत्या. तंत्रज्ञाने स्लाइड पुढे करून विचारले, "मॅडम, स्लाइडवर एवढे दिसतायत, मग प्लेट कोरी कशी?" प्रकरणाला वळण मिळाले ते या प्रश्नामुळे. स्लाइडवर दिसणारे जिवाणू मेलेले असू शकतात, आधीच्या प्रतिजैविकांमुळे दबलेले असू शकतात, किंवा प्लेटवर त्यांना जगण्यासारखी परिस्थितीच मिळालेली नसेल. पहिल्या दोन शक्यता सेफिक्सिममुळे काही अंशी खऱ्या होत्या. तथापि दुर्गंधी, एकाच पुवात तीन आकारांचे जिवाणू आणि टोकांना निमुळते झालेले दंडाणू या तीन गोष्टी एकत्र पाहिल्या तर तिसरी शक्यता सर्वांत बळकट ठरत होती. इन्क्युबेटरमध्ये तापमान योग्य होते, अन्न योग्य होते, आणि २१ टक्के ऑक्सिजन असलेली हवाही होती. याच हवेत त्यांची वाढ होणे शक्य नव्हते.

जिवाणू आणि ऑक्सिजन

या रुग्णाच्या बाबतीत ज्या-ज्या जिवाणूंची नावे चर्चेत आली, त्यांचे ऑक्सिजनशी नाते एकमेकांपासून फार वेगळे आहे, आणि हा फरक लक्षात न घेता पुढचे निर्णय समजणार नाहीत.

क्षयाचा जिवाणू पूर्णपणे एरोबिक आहे, म्हणजे वाढीसाठी त्याला ऑक्सिजन लागतोच. प्रौढांमधील क्षय बहुधा फुप्फुसाच्या वरच्या भागात आढळतो, आणि तेथील ऑक्सिजनचे जास्त प्रमाण हे त्याचे एक कारण मानले जाते. याउलट उताण्या माणसाच्या श्वासनलिकेत तोंडातील स्राव उतरला तर तो गुरुत्वाकर्षणाने वरच्या खंडाच्या मागील भागात किंवा खालच्या खंडाच्या वरच्या भागात जाऊन साचतो, आणि उजवी श्वासनलिका अधिक सरळ असल्याने बहुधा उजवीकडे जातो.

क्लेब्सिएला, ई. कोलाय आणि स्टॅफिलोकोकस ऑरियस यांना दोन्ही चालते. ऑक्सिजन असेल तर ते श्वसनाने जास्त ऊर्जा मिळवतात, नसेल तर किण्वनावर किंवा अन्य मार्गांवर निभावतात. त्यामुळे साध्या प्लेटवर ते हमखास उगवतात, आणि वर्षानुवर्षे हेच जिवाणू उगवत आल्याने साधी प्लेट म्हणजे सर्व जिवाणूंची प्लेट असा समज प्रयोगशाळांतून नकळत रुजतो. स्ट्रेप्टोकोकस गटाची तऱ्हा आणखी निराळी आहे. ऊर्जेसाठी हे जिवाणू ऑक्सिजन वापरतच नाहीत, ते किण्वनावरच जगतात, परंतु ऑक्सिजन सहन करतात. त्यांच्यातील अँजिनोसस गटाच्या काही जातींना मात्र हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण वाढलेले किंवा ऑक्सिजनचे कमी झालेले लागते. जुलाबाला कारणीभूत होणारा कॅम्पिलोबॅक्टर सुमारे ५ टक्के ऑक्सिजनमध्ये उत्तम वाढतो, नेहमीच्या हवेत नाही आणि ऑक्सिजन पूर्ण काढून घेतला तरीही नाही.

शेवटी येतात ते काटेकोर ॲनेरोबिक जिवाणू (ॲनेरोब), म्हणजे ऑक्सिजन असलेल्या हवेत न वाढणारे. हिरड्या आणि दात यांच्यामधील फटीत आणि मोठ्या आतड्यात त्यांचीच बहुसंख्या असते. ऑक्सिजनच्या संपर्कात पेशीमध्ये सुपरऑक्साइड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतात. ते निकामी करणारी सुपरऑक्साइड डिसम्युटेज आणि कॅटलेज ही विकरे या जिवाणूंमध्ये नसतात म्हणून ते मरतात, असे स्पष्टीकरण १९७१ साली मांडले गेले. आज ते अर्धवट मानले जाते. आतड्यातील बॅक्टेरॉइडिस फ्रॅजिलिसकडे ही विकरे असतात आणि तो काही काळ हवेत तगतोही, परंतु वाढत नाही. लोह आणि गंधक यांची जोडणी असलेली ज्या विकरांची केंद्रे असतात, ती ऑक्सिजनमुळे बिघडतात आणि चयापचय थांबतो, हे कारणही तितकेच महत्त्वाचे आहे. म्हणून "ॲनेरोब हवा लागताच मरतो" हे विधान सरसकट खरे नाही. काही जाती मिनिटांत मरतात, काही तासन्‌तास टिकतात. शनिवारी काढलेल्या पुवात सोमवारी काही जिवंत असण्याची शक्यता यावरच अवलंबून होती.

लुई पाश्चरने १८६१ साली ब्युटिरिक आम्लाच्या किण्वनाचा अभ्यास करताना काचेवरील द्रवाच्या थेंबात पाहिले होते की, हवेला लागून असलेल्या कडेचे जिवाणू हालचाल थांबवतात आणि मध्यभागाचे हालत राहतात. छातीतील दाट पुवातही असाच मध्यभाग तयार होतो. स्ट्रेप्टोकोकाय आणि पूपेशी उपलब्ध ऑक्सिजन संपवतात, आणि त्यातून उरलेल्या जागेत ॲनेरोबिक जिवाणू वाढतात. असे जंतुसंसर्ग बहुधा मिश्र असतात, त्याचे हे एक कारण.

विचारात घेतलेले पर्याय

उपचार करणारे फिजिशियन आणि सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ यांच्यात त्या दुपारी चर्चा झाली. चार मार्ग समोर होते.

पहिला मार्ग म्हणजे क्षयाची औषधे सुरू करणे. एडीए वाढलेले आहे हा त्यामागचा मुख्य आधार होता. परंतु एडीए लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी जास्त असलेल्या द्रवात उपयोगी पडते. पुवाने भरलेल्या छातीत न्यूट्रोफिल, म्हणजे पूपेशी, मोठ्या संख्येने असतात आणि तेथेही एडीए सहज वाढते. या रुग्णाच्या द्रवात जवळजवळ सर्व पेशी न्यूट्रोफिल होत्या. म्हणजे ७८ या आकड्याला येथे फारसा अर्थ नव्हता. शिवाय औषधे सुरू केल्यावर ताप उतरला असता, तर तो क्षयामुळे होता की नळीने पू निघाल्यामुळे उतरला हे कळले नसते, आणि दारूने आधीच थकलेल्या यकृतावर सहा महिन्यांचा भार पडला असता.

दुसरा मार्ग होता ॲनेरोबिक जिवाणूंवर चालणारे मेट्रोनिडाझोल ताबडतोब सुरू करून वाट पाहण्याचा. हा सर्वांत सोपा आणि स्वस्त होता. आजाराचे स्वरूप पाहता तो चुकीचाही म्हणता आला नसता. त्याला हरकत एवढीच की, प्रतिसाद मिळाला नाही तर आपण पुन्हा त्याच जागी उभे राहू आणि तोपर्यंत नवा नमुनाही निरुपयोगी झालेला असेल.

तिसरा मार्ग रुग्णाला शहरात पाठवण्याचा. कुटुंबाची त्याला तयारी नव्हती. पत्नीने फिजिशियनला स्पष्टच सांगितले, "साहेब, इथंच काय ते करा, तिकडं कोण बघणार यांना?" नकार खर्चाइतकाच सोबतीला माणूस नसल्याचाही होता, आणि तो गृहीत धरूनच निर्णय घ्यावा लागला. श्वास बिघडला तर मात्र हलवायचेच, अशी मर्यादा ठरवून घेण्यात आली.

चौथा मार्ग होता नवीन नमुना योग्य रीतीने घेऊन, लगेच उपचार बदलून, नमुना दोन तासांच्या अंतरावरील वैद्यकीय महाविद्यालयात ॲनेरोबिक कल्चरसाठी पाठवण्याचा. तालुक्याच्या प्रयोगशाळेत ॲनेरोबिक जार, म्हणजे आतील ऑक्सिजन काढून टाकता येणारा बंद डबा, नव्हता. तंत्रज्ञाने मेणबत्तीचा जार वापरावा का, असे विचारले. हा गैरसमज फार ठिकाणी आढळतो. बंद जारमधील मेणबत्ती विझते तेव्हाही आत सुमारे १६–१७ टक्के ऑक्सिजन शिल्लक असतो; वाढतो तो कार्बन डायऑक्साइड, साधारण ३ टक्क्यांपर्यंत. त्या जारमध्ये काटेकोर ॲनेरोब उगवणार नाही. स्ट्रेप्टोकोकससाठी मात्र तो उपयोगी होता, म्हणून एक प्लेट त्यात ठेवायचे ठरले.

निवड चौथ्या मार्गाची झाली, आणि त्यात दुसऱ्याचा अर्धा भाग मिसळला: नमुना घेतल्याबरोबर, रिपोर्टची वाट न पाहता मेट्रोनिडाझोल सुरू करायचे.

केलेली कार्यवाही

नमुना कोठून घ्यायचा, हा प्रश्न वरवर किरकोळ दिसणारा आणि प्रत्यक्षात निर्णायक होता. नळीला जोडलेल्या बाटलीत पू भरपूर होता, परंतु तो कित्येक तास हवेत राहिलेला आणि नळीतून चढणाऱ्या जिवाणूंनी दूषित झालेला. थुंकी तर तोंडातील ॲनेरोबनीच भरलेली असते, त्यामुळे तिचे ॲनेरोबिक कल्चर कोणी करूच नये. सोनोग्राफी केल्यावर नळीच्या मागे, पडद्यांनी वेगळा झालेला एक कप्पा आढळला, ज्यात नळी पोहोचलेलीच नव्हती. ताप न उतरण्याचे एक कारण तेथेच दिसत होते. फिजिशियनांनी सोनोग्राफीच्या मार्गदर्शनाखाली त्या कप्प्यात नवी सुई घातली आणि ८ मिलिलिटर पू सिरिंजमध्ये घेतला.

सिरिंज उभी धरून आतील हवेचे बुडबुडे स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसात बाहेर काढण्यात आले. खाटेजवळच थायोग्लायकोलेट ब्रॉथ या द्रव माध्यमाच्या दोन नळ्या तयार ठेवल्या होत्या. त्या सकाळी उकळत्या पाण्यात दहा मिनिटे ठेवून, विरघळलेला ऑक्सिजन घालवून, न हलवता थंड केल्या होत्या. या माध्यमात रिझाझुरिन हा रंगदर्शक असतो: ऑक्सिजन असलेला थर गुलाबी दिसतो, नसलेला रंगहीन. उकळल्यानंतर गुलाबी रंग केवळ वरच्या बोटभर थरात उरला होता. लांब सुईने पू नळीच्या तळाशी सोडण्यात आला. उरलेला पू महाविद्यालयातून आधीच मागवलेल्या रॉबर्टसन कुक्ड मीट माध्यमाच्या बाटलीत, मांसाच्या तुकड्यांच्या थरात खाली सोडला गेला. या माध्यमातील मांस स्वतःच ऑक्सिजन शोषून घेते.

बाटली नेण्यासाठी रुग्णाचा पुतण्या मोटारसायकलवर निघाला. वॉर्डबॉयने सवयीने बर्फाचा डबा पुढे केला, तो परत पाठवण्यात आला. ॲनेरोबिक नमुना थंड करायचा नसतो. थंड द्रवात ऑक्सिजन जास्त विरघळतो आणि काही नाजूक जाती थंडीने मरतात. बाटली खोलीच्या तापमानावर, वर्तमानपत्रात गुंडाळून, शर्टाच्या आतल्या खिशात गेली.

त्याच दुपारी औषधे बदलण्यात आली. ॲमिकासिन बंद झाले. त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. ॲमिनोग्लायकोसाइड गटाचे औषध जिवाणूच्या पेशीत शिरण्यासाठी ऑक्सिजनवर चालणाऱ्या इलेक्ट्रॉन-वहनाची ऊर्जा लागते, जी ॲनेरोबिक जिवाणूंकडे नसते. शिवाय आम्लधर्मी पुवात हे औषध इतर जिवाणूंवरही दुबळे पडते. म्हणजे पाच दिवस रुग्णाच्या मूत्रपिंडांनी जोखीम घेतली, आणि लाभ जवळजवळ शून्य. मेट्रोनिडाझोलचे याच्या अगदी उलट आहे. ते सर्व पेशींत शिरते, पण त्याचा नायट्रो गट क्षपण होऊन विषारी होण्यासाठी ॲनेरोबच्या चयापचयातच आढळणारी विकरे लागतात. त्याचा हा गुण योगायोगाने कळला: १९६२ साली, ट्रायकोमोनास या परजीवीच्या संसर्गासाठी ते घेणाऱ्या एका रुग्णेच्या हिरड्यांचा तीव्र दाहही बरा झाल्याचे लक्षात आले, आणि तेथून ते ॲनेरोबिक संसर्गांकडे वळले.

सेफ्ट्रायाक्झोन मात्र बंद केले नाही, आणि या प्रकरणातील सर्वांत विचारपूर्वक घेतलेला निर्णय मी यालाच म्हणेन. दुर्गंधी आहे, म्हणजे ॲनेरोब आहेत, म्हणजे मेट्रोनिडाझोल पुरे, असा सरळ तर्क करण्याचा मोह होतो. पण स्लाइडवर साखळ्यांतील कोकायही होते. स्ट्रेप्टोकोकायवर मेट्रोनिडाझोल चालत नाही, आणि फुप्फुसातील गळवांत ते एकटे देऊन अपयश आल्याचा अनुभव जुना आहे. म्हणून दोन्ही औषधे एकत्र ठेवण्यात आली. पुढच्या दिवशी त्या बंदिस्त कप्प्यात सोनोग्राफीखाली दुसरी नळी बसवली गेली.

निष्पत्ती

चोवीस तासांनी थायोग्लायकोलेटची नळी प्रकाशासमोर धरली, तेव्हा तळापासून दोन-तृतीयांश भागात कापसासारखा गढूळपणा होता. त्याच्या वर एक दाट पट्टा, आणि सर्वांत वर गुलाबी थर स्वच्छ, पारदर्शक. स्लाइडवर पुन्हा तेच तीन आकार आले. या नळीतून साध्या हवेत लावलेली प्लेट दोन दिवसांनीही कोरी राहिली. मेणबत्तीच्या जारमधील प्लेटवर मात्र टाचणीच्या टोकाएवढ्या वसाहती आल्या आणि झाकण उघडताच जळलेल्या साखरेसारखा गोडसर वास आला, जो अँजिनोसस गटाच्या स्ट्रेप्टोकोकसचे लक्षण म्हणून प्रयोगशाळांत ओळखला जातो.

महाविद्यालयाने प्लेट ॲनेरोबिक जारमध्ये ठेवल्या. त्यांतील ब्लड अगारवर लावलेल्या ५ मायक्रोग्रॅम मेट्रोनिडाझोलच्या चकतीभोवती दोन प्रकारच्या वसाहती उगवल्याच नाहीत, तिसऱ्या प्रकारच्या वसाहती मात्र चकतीला भिडून उगवल्या. पहिल्या दोन म्हणजे फ्युजोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम आणि रंगद्रव्य बनवणारी प्रिव्होटेला. प्रिव्होटेलाच्या वसाहती प्रथम अतिनील प्रकाशात विटकरी लाल चमकल्या आणि काही दिवसांनी काळ्या पडल्या. तिसरा स्ट्रेप्टोकोकस होता. प्रत्येक वसाहत पुन्हा हवेत आणि हवेविना अशी दोनदा लावून पाहिल्यावरच पहिल्या दोघांना ॲनेरोब म्हटले गेले. ॲनेरोबिक जारमध्ये उगवले एवढ्यावरून कोणी ॲनेरोब ठरत नाही, कारण ई. कोलायही तेथे मजेत उगवतो. अंतिम रिपोर्ट नवव्या दिवशी आला.

रुग्णाचा ताप औषध बदलल्यानंतर चौथ्या दिवशी उतरला. दुसऱ्या नळीतून आणखी पू निघाला, दुर्गंधी हळूहळू कमी झाली आणि पुढे दोन्ही नळ्या काढण्यात आल्या. घरी जाताना ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलनेटच्या गोळ्या देण्यात आल्या, ज्या दोन्ही प्रकारच्या जिवाणूंवर चालतात, आणि त्या एकंदर काही आठवडे चालू राहिल्या. दंतवैद्यांनी हलणारे दात काढले. क्षयासाठी लावलेल्या द्रवरूप कल्चरमध्ये ४२ दिवसांत वाढ झाली नाही. क्षयाची औषधे सुरू करावी लागली नाहीत. तीन महिन्यांनंतरच्या एक्स-रेमध्ये उजव्या तळाशी फुप्फुसाचे आवरण थोडे जाड राहिलेले होते, रुग्ण कामावर परतला होता.

सुधारणेचे श्रेय मेट्रोनिडाझोलला किती आणि दुसऱ्या नळीला किती, हे या एका प्रकरणातून सांगता येत नाही. दोन्ही गोष्टी एका दिवसाच्या अंतराने झाल्या. छातीत पू असताना तो काढणे हाच उपचाराचा कणा असतो, आणि कल्चरचा रिपोर्ट हातात येईपर्यंत रुग्ण बराच सुधारला होता, हेही नोंदवले पाहिजे. ॲनेरोबिक कल्चरचा खरा उपयोग येथे औषध निवडण्यापेक्षा क्षयाचे निदान पुढे न रेटण्यासाठी झाला.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठी संधी शनिवारी संध्याकाळीच होती. तो पू पहिल्या सुईने, कोणतेही इंजेक्शन देण्यापूर्वी काढलेला, नळीच्या दूषिततेविना मिळालेला होता. सिरिंजमधील हवा काढून, टोक बंद करून, खोलीच्या तापमानावर ठेवला असता तरी तो फ्रीजमधील निम्म्या भरलेल्या डबीपेक्षा चांगला राहिला असता, कारण दाट पुवाचा मोठा साठा आतल्या भागातील ॲनेरोबना काही तास सांभाळतो. थायोग्लायकोलेटची एक नळी वॉर्डात असती तर रविवारी संध्याकाळपर्यंत गढूळपणा दिसला असता.

दुसरी गोष्ट, ग्रॅम स्टेन. सोमवारी दुपारी तीन आकारांचे जिवाणू ज्याने पाहिले, त्याच्याकडे फोन उचलण्याइतकी माहिती होती. कल्चरचा रिपोर्ट दोन दिवसांनी येतो, स्लाइड तासाभरात. छापील रिपोर्टमध्ये ती ओळ असती तर फिजिशियनांनी एडीएवर इतका भर दिला नसता, असे त्यांनीच नंतर सांगितले. स्लाइड आणि प्लेट यांच्यात मेळ नसेल तेव्हा संशय प्लेटवर घ्यायचा, ही पद्धत प्रयोगशाळेत लिहून ठेवलेली नव्हती.

तिसरी, इतिहास घेण्याची पद्धत. दारू आणि दात या दोन्ही नोंदी केस पेपरवर होत्या, पण वेगवेगळ्या पानांवर, आणि "बेशुद्ध पडला होता का, उलटी झाली होती का" हा त्यांना जोडणारा प्रश्न पाच दिवस कोणी विचारला नाही. फिट येणारे, स्ट्रोक झालेले आणि भूल दिलेले रुग्ण यांनाही हाच प्रश्न लागू पडतो. दुर्गंधी नसली तरी तो विचारावा, कारण ॲनेरोबिक संसर्गात प्रत्येक वेळी वास येतोच असे नाही.

मेट्रोनिडाझोल पहिल्याच दिवशी का दिले नाही, अशी टीका करणे सोपे आहे. छातीतील दुर्गंधीयुक्त पुवासाठी ते द्यायला हवे होते, याबद्दल दुमत नसावे. परंतु ते दिले असते आणि नवा कप्पा सापडला नसता, तर ताप बहुधा तसाच राहिला असता, आणि तेव्हा क्षयाच्या औषधांकडे जाणे आणखी सोपे झाले असते.

प्रयोगशाळेतील बदल

रिपोर्टच्या नमुन्यात आता "एरोबिक कल्चर: ४८ तासांत वाढ नाही" असे लिहिले जाते, आणि त्याच्या वरच ग्रॅम स्टेनची ओळ छापली जाते. पू काढणाऱ्या प्रत्येकासाठी सूचना वॉर्डात लावली आहे: स्वॅब नको, सिरिंज द्या, हवा काढा, फ्रीज नको. थायोग्लायकोलेटच्या नळ्या दर महिन्याला तपासल्या जातात. गुलाबी थर एक-तृतीयांशाहून खाली उतरलेला असेल तर एकदाच पुन्हा उकळतात, दुसऱ्यांदा टाकून देतात.

ॲनेरोबिक जार विकत घेण्याबाबत अजून एकमत नाही. जारमधील ऑक्सिजन घालवणारा पॅलेडियमचा उत्प्रेरक ओलसर झाला की निकामी होतो, आणि महिन्यातून एखाद-दोन नमुन्यांसाठी त्याची देखभाल होत नाही, असा एक पक्ष आहे. त्यावर ॲस्कॉर्बिक आम्लावर चालणारी, उत्प्रेरक न लागणारी पाकिटे आणि घट्ट झाकणाचा डबा हा मधला मार्ग सुचवला गेला आहे. तो स्वीकारला तर प्रत्येक वेळी डब्यात एक प्लेट वाढीसाठी ऑक्सिजन लागणाऱ्या स्यूडोमोनासची ठेवावी लागेल, नायट्रेट नसलेल्या माध्यमावर, कारण नायट्रेट मिळाले तर हा जिवाणू ऑक्सिजनवाचूनही निभावतो. ती प्लेट उगवली, तर डब्यात हवा राहिली आहे असे समजून त्या दिवशीचा ॲनेरोबिक रिपोर्ट रोखून धरायचा.